चालत जाऊन राहायच्या जंगलातल्या केबिन: तुमचे अनुभव लिहा

रानवाट:
काल रात्री विजा कडाडत होत्या, लेक घाबरून कुशीत शिरली आणि मला एकदम एव्हरग्रीन माउंटनचा लुकआउट आठवला. वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड्समध्ये, स्कायकोमिशच्या वरच्या अंगाला. वणव्यावर नजर ठेवायची जुनी चौकी, आम्ही गेलो तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिस ती राहायला द्यायची. गाडी खाली ठेवायची आणि पाणी, अंथरूण, जेवण सगळं पाठीवर घेऊन चढायचं. वर एकच खोली, चारही बाजूंना काचा. वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर.

१९१० मध्ये आयडाहो-मोंटानात भयंकर वणवा लागला होता, सुमारे तीस लाख एकर जंगल गेलं, त्यानंतर माथ्यामाथ्यांवर अशा चौक्या बांधायला जोर आला. पुष्कळशा १९३० च्या दशकात सीसीसीच्या (सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर, सरकारची रोजगार योजना) पोरांनी बांधल्या, मंदीत हाताला काम नसलेली तरुण मुलं होती ती. आत मधोमध एक गोल नकाशा असायचा, त्याच्या कडेने फिरणारी, नेम धरायची पट्टी, ओसबोर्न फायर फाइंडर म्हणतात. धूर दिसला की पट्टी त्या दिशेला फिरवायची, अंश वाचायचे आणि फोन करायचा. दुसऱ्या डोंगरावरचा पहारेकरीही आपले अंश सांगणार, दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे आग. मला हे इतकं आवडलं ना, की एकटा माणूस नुसता बघतोय पण त्याचं बघणं दुसऱ्या कुणाच्या बघण्याशी जोडलं की नेमकी जागा सापडते. विजा जवळ आल्या की पहारेकरी काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभा राहायचा.

आमच्या मुक्कामी समोरच्या रांगेवर वादळ आलं. आम्ही दिवा न लावता बसून राहिलो. वारा सुटला तशी एक खिडकी खडखडायला लागली आणि तिथल्या वहीत आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं, पश्चिमेच्या खिडकीला पुठ्ठ्याची घडी लावा, ती गादीखाली ठेवली आहे. होती खरंच. ती माणसं कोण, कुठली, काही माहीत नाही, पण त्या रात्री आम्ही त्यांच्यामुळे झोपलो.

तुम्हीही लिहा, मोठं छोटं कसंही चालेल.

भटकभवानी:
आमचं कोलोरॅडो. टेन्थ माउंटन डिव्हिजनच्या हट्स, दुसऱ्या महायुद्धात डोंगरात लढायला जी स्कीवाली फौज कॅम्प हेलला तयार झाली तिच्या नावाने. पहिल्या दोन १९८२ मध्ये झाल्या, त्यातल्या मार्जीज हटला आम्ही गेलो होतो, अकरा हजार फुटांच्या वर आहे ती, हिवाळ्यात स्नोशूज घालून, आणि पोचल्यावर मला वाटलं आता पाय पसरून बसू तर कसलं काय, आधी चूल पेटवा मग बर्फ आणा कारण प्यायचं पाणी म्हणजे बर्फच वितळवायचा. एवढं मोठं पातेलं शिगोशीग भरलं तरी तळाला वाटीभर पाणी. आणि कोरडा बर्फ थेट तापल्या पातेल्यात टाकायचा नाही हां, करपट वास येतो पाण्याला, तळाला थोडं पाणी ठेवायचं आणि मग वरून बर्फ. दुसऱ्या खाटांवर अनोळखी लोक होते, त्यातल्या एका आजोबांनी हे शिकवलं. ते पहाटे उठून सगळ्यांसाठी पातेलं भरून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. बाकी नंतर लिहिते कुकर झाला.

मुसाफिर_०७:
फोटो टाका नाऽऽ

रानवाट:
जुन्या फोनमध्ये आहेत, शोधते. भटकभवानी, आजोबांना माझा नमस्कार!

दूधसाखर:
वाचून छान वाटतंय पण मी एक काळजीचं लिहू का. उंदीर. आम्ही मोंटानात एका केबिनमध्ये गेलो, दार उघडलं तर फडताळात लेंड्या. नवऱ्याने झाडू उचलला आणि मी ओरडलेच. हंता विषाणू असतो डिअर माउसच्या मुतात-लेंडीत, कोरडं झाडलं की धुळीबरोबर हवेत येतो आणि श्वासातून आत जातो. १९९३ मध्ये फोर कॉर्नर्स भागात (नैऋत्य अमेरिकेत चार राज्यं मिळतात तिथे) तरुण धडधाकट माणसं अचानक दगावायला लागली तेव्हा हा इथे ओळखला गेला, आणि २०१२ मध्ये योसेमिटीच्या तंबू-केबिनमध्ये राहिलेल्या दहा जणांना झाला, तिघं गेले. त्यामुळे आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी बाहेर थांबायचं, मग हातमोजे घालून ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि कागदाने पुसून घ्यायचं. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. जाऊन आल्यावर आठ आठवड्यांपर्यंत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना केबिनचं आवर्जून सांगा, नाहीतर ते फ्लू समजतात. घाबरवायचं नाहीये कुणाला. आम्ही स्वच्छ केलं, राहिलो, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर सुट्टी होती. माझी आई गेली त्याच वर्षी. त्या नदीकाठी बसून मी पहिल्यांदा मनसोक्त रडले, घरी जमलंच नव्हतं.

भटकभवानी:
दूधसाखर 🙏 जवळ घेते तुला.

काजवा:
दूधसाखर, काय लिहू कळत नाहीये. ब्लीचचं लिहिलंस ते बरं केलंस, आमच्याकडे लहान मूल आहे.

उन्हाळी_आंबा:
जेवायला काय नेता सगळे?? मी पोहे भाजून, मीठ-मिरची-दाणे घालून डबा. वर उकळतं पाणी ओतलं की झालं

मुसाफिर_०७:
मेतकूट. दुसरं काही नको.

भटकभवानी:
कोरडं पिठलं! बेसन खमंग भाजून हिंग-हळद-तिखट घालून पिशवीत न्यायचं. त्या आजोबांनी दोनदा मागून घेतलं.

अस्वलदादा:
अन्नाचं नाव काढलंत म्हणून, दार आहे म्हणून खाणं कसंही ठेवू नका, वासाने अस्वल येतं. आम्ही अलास्कात टोंगास राष्ट्रीय जंगलातल्या केबिनमध्ये होतो (ती चालत जायची नव्हे, तलावावर पाण्यात उतरणाऱ्या विमानाने सोडतात, तरी चालवून घ्या). वैमानिक म्हणाला बुधवारी येतो, हवा असली तर. हवा नव्हती. धुकं असं की समोरची होडी दिसेना. गुरुवारीही नाही. टोंगासमधल्या काही केबिनमध्ये लाकडाचा नाही, तेलाचा स्टोव्ह असतो आणि तेल आपण न्यायचं, ते जपून जपून जाळलं. पण आधीच्या लोकांनी फळीवर मेणबत्त्या, काडेपेटी आणि तांदळाची बरणी ठेवली होती, तो भात मी अजून विसरलेलो नाही. निघताना आमची उरलेली डाळ त्याच बरणीशेजारी ठेवली, झाकण घट्ट लावून. अस्वल दिसलं का म्हणाल तर पाऊल दिसलं, चिखलात, माझ्या टोपीएवढं.

काजवा:
बापरे टोपीएवढं!!

कोकणकडा:
आम्ही न्यूझीलंडला असतो. इथे संवर्धन खात्याच्या साडेनऊशेच्या वर हट्स आहेत, त्यातल्या कित्येक जुन्या नारिंगी रंगाच्या, लांबून दिसाव्यात म्हणून. बऱ्याचशा हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बांधलेल्या, १९५० आणि ६० च्या दशकात सरकारच त्या शिकाऱ्यांना पगार देऊन पाठवायचं कारण बाहेरून आणलेली हरणं जंगल फस्त करत होती. सहा बंकांची पत्र्याची खोली आणि छपरावरच्या पन्हळीतून भरणारी पाण्याची टाकी. इथली वही नुसती आठवणींची नाही, कुठून आलो, उद्या कुठे जाणार ते लिहायचंच. माणूस हरवला तर शोधणारे आधी ती बघतात. मी तर राहायचं नसलं तरी थांबून लिहितो. एकदा नदीला पूर आला, पलीकडे जाता येईना, वहीत मागची पानं चाळली तर कुणीतरी लिहिलेलं, पाऊस थांबल्यावर सकाळपर्यंत थांबा, ही नदी जितक्या लवकर चढते तितक्याच लवकर उतरते. थांबलो. उतरली.

रानवाट:
कोकणकडा, अंगावर काटा आला. वहीने माणूस वाचवणं म्हणजे हेच की.

सिपनाकाठ:
थोडं अवांतर. मेळघाटात कोलकासच्या वनविश्रामगृहात लहानपणी राहिलोय, सिपना नदीच्या वर. चालत नाही हो, जीपने. पण कंदील, आणि बाबांचा आवाज, "बाहेर जाऊ नका रे", आणि आम्ही भावंडं एकाच रजईत. तिकडच्या केबिन वाचताना तेच आठवत राहिलं.

उन्हाळी_आंबा:
आमच्या मामांची बदली परतवाड्याला होती!! कुठल्या साली गेला होतात

सिपनाकाठ:
साल नाही आठवत, शाळेत होतो. मामांना मला खाजगी निरोप पाठवायला सांगा, बाबांच्या ओळखीचे निघतील.

भटकभवानी:
परत आले. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक करा, कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा त्या दिवसाचा हिमकड्यांचा अंदाज वाचल्याशिवाय ट्रेलहेड (पायवाटेची सुरुवात) सोडू नका. तीस अंशांपेक्षा तीव्र उतार रस्त्यात किंवा डोक्यावर असेल तर वाट बदला. हट बुक झालीय, पैसे भरलेत, एवढ्यासाठी कुणी जाऊ नये. आम्ही एकदा अर्ध्यातून परत फिरलो, सगळे हिरमुसले होते, पण मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो.

मुसाफिर_०७:
+१

काजवा:
पाणी ओढ्याचं चालतं का? आणि पाच वर्षांच्या मुलाला न्यावं का, खरं सांगा. रात्री बाहेरच्या संडासला जायचं म्हणजे मला धडकी भरते.

दूधसाखर:
पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच. खळखळून एक मिनिट, साडेसहा हजार फुटांच्या वर असाल तर तीन. जियार्डिया (पोट बिघडवणारा जंतू) दिसत नसतो. मुलाला जरूर ने. आमच्याने कपाळावर दिवा लावून संडासची वाट "पहाऱ्याची वाट" ठरवली होती, दर वेळी मला सोडायला यायचा. फक्त शेगडी-स्टोव्हभोवती दोघांपैकी एकाचं लक्ष हवंच, आणि चूल पेटलेली असताना एक खिडकी किंचित उघडी. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेऊन जा, तळहाताएवढा असतो.

रानवाट:
काजवा, पहिल्या वेळी जवळची घे, मैल-दीड मैल चालायची. अंधार पडायच्या आत पोचायचं, म्हणजे मुलाला जागा उजेडात बघायला मिळते. गाद्या असतात पुष्कळ ठिकाणी, पांघरुणं नसतात. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या साइटवर बऱ्याच केबिन सहा महिने आधी उघडतात आणि शनिवार-रविवार लगेच जातात. आठवड्याच्या मधल्या रात्री बघत राहा, लोक रद्द करतात.

काजवा:
ऐका ऐका, मिळाली!! मंगळवारची! ऑक्टोबरमध्ये. कुऱ्हाड तिथे असते की न्यायची?

अस्वलदादा:
अभिनंदन! प्रत्येक केबिनचं वेगळं असतं, तिच्या पानावर लिहिलेलं असेल, नीट वाचा. लाकडं मात्र घरून लांबवर नेऊ नका, सालीखालची कीड नव्या जंगलात जाते, अ‍ॅशची झाडं अशीच मेली कितीतरी. तिथली पडलेली, वाळलेली वापरायला परवानगी आहे का ते बघा. आणि निघताना थोडी बारीक ढलपी फोडून चुलीशेजारी ठेवा, पुढचा माणूस कदाचित भिजून येईल.

काजवा:
ठेवणार. मुलगा आत्तापासूनच सॅक भरतोय, तीन डायनासोर आत गेलेत.