मदत हवी आहे : प्रेमावर विश्वास नसलेल्या बाईने बघावेत असे प्रेमपट सुचवा

नमस्कार मंडळी,

आधी माझं काम सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. मी नागपुरात एका वकिलांकडे ज्युनियर आहे. आमच्याकडे बहुतेक कामं कौटुंबिक न्यायालयातली. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. याचिकेत लग्न कधी झालं, कुठे झालं, हे सुरुवातीलाच लिहावं लागतं आणि "सदर विवाह हा प्रेमविवाह होता" हे वाक्य माझ्या बोटांना आता इतकं सवयीचं झालंय की टाइप करताना कीबोर्डकडे बघावं लागत नाही.

पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचे प्रिंट जोडतात. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. आधी ६५-ब म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमातलं कलम ६३. आमचा प्रिंटर साधा काळा-पांढरा, त्यामुळे "जेवलास का?"च्या पुढचे लाल बदाम कागदावर काळे उमटतात. पानंच्या पानं काळे बदाम. मग एका पानावर बदाम संपतात आणि "हप्ता भरला का" सुरू होतं. मी प्रत्येक पानावर नंबर टाकते आणि निशाण्यांची, म्हणजे पुरावा म्हणून जोडलेल्या कागदांची, यादी करते. हे दिवसभर केलं की प्रेमाबद्दल मत काय होणार, तुम्हीच सांगा.

आता प्रश्न. घरी आई आणि मी. शनिवारी रात्री सिनेमा बघायचा हा आमचा नेम, आणि आईला प्रेमपटच लागतात. सध्या कोर्टाला मे महिन्याची सुट्टी, त्यामुळे शनिवारच काय, कोणताही वार चालतो. कूलर फुल्ल, त्याच्यावर मात करायला टीव्हीचा आवाज फुल्ल. आणि मी बाजूला बसून बडबडते. दुल्हनियावाल्या त्या १९९५च्या सिनेमात शेवटी सगळं प्लॅटफॉर्म रडतं, तेव्हा मला प्रश्न पडतो की हिचे दागिने कोणाकडे राहिले, यादी केली का, पासपोर्ट पर्समध्ये आहे की वडिलांच्या कपाटात? आई वैतागते. "चूप बस ना वं! तू सिनेमा पाहून राहिली का उलटतपासणी घेऊन राहिली?"

इथवर ठीक होतं. गंमत अशी की मी रडते. हिरो स्टेशनावर किंवा विमानतळावर धावत सुटला की नाही, तेव्हा मला हसूच येतं. पण एखाद्या फालतू सिनेमातही कोणी कोणाच्या पोह्यांतली मिरची न बोलता उचलून बाजूला ठेवली की माझा घसा दाटतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर रडायचं, हा काय प्रकार आहे? तुमच्यापैकी कोणाचं असं होतं का?

आणि सिनेमे सुचवा. अट एकच, गोष्ट मंगलाष्टकांवर संपणारी नको. माझं काम तिथूनच सुरू होतं, त्यामुळे तिथे "समाप्त" आलं की फसवल्यासारखं वाटतं. शेवटी दोघांना मारणारेही नकोत. मेले की प्रेम अमर, हा शॉर्टकट झाला. आईला सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मराठी-हिंदी असेल तर बरं.

कृपया स्थळं सुचवू नयेत.

तर्रीपोहे :
ताई, स्थळ होतं एक, पण आता नाही सांगत :)
सैराट बघितला असेलच. तुमच्या अटीत बसत नाही, शेवट माहीत आहे. पण तो इंटरव्हलनंतरचा बघा. हैदराबादची खोली, नवी गरिबी, मग संशय, भांडण, तिचं निघून जाणं आणि परत येणं. गाणी वाजवून वाजवून लोकांनी तो पहिल्या अर्ध्याचा सिनेमा करून टाकला. माझ्या मते खरा प्रेमपट दुसरा अर्धा आहे.

धागाकर्ती :
पटलं. आणि तिथलं मरण प्रेम मोठं करायला आणलेलं नाही, जात काय करते ते दाखवायला आणलंय. त्यामुळे माझी अट त्याला लागू नाही. पण आई तो पुन्हा बघणार नाही. पहिल्यांदा बघून दोन दिवस धड जेवली नव्हती.

वऱ्हाडी_ठेचा :
एवढं काय त्यात. पिक्चर म्हणजे पिक्चर. पाहा, रडा, झोपा. काहून इतका विचार करून राहिल्या?

खडूफळा :
मी निवृत्त शिक्षक आहे, मराठी आणि संस्कृत शिकवायचो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शृंगार हा रस आणि रती, म्हणजे प्रेम, हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळातला भाव. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव हा आपल्या रोजच्या जगण्यातला, तिथे नफा-नुकसान असतं, कोणाचं काय गेलं हे असतं. रस रंगमंचासमोर बसल्यावर येतो. रसावर लिहिणाऱ्या जुन्या पंडितांपैकी भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटलं. म्हणजे नायिकेचं प्रेम तिचं एकटीचं राहत नाही, तुमचंही होत नाही, कोणाचंच नसल्यामुळे सगळ्यांना चाखता येतं. नंतरच्या अभिनवगुप्त या पंडिताने हा विचार पुढे नेला. त्यासाठी प्रेमावर विश्वास असण्याची अट कोणीच घातलेली नाही. भुतांवर विश्वास नसणारा भुताच्या सिनेमात दचकतोच ना?

दुसरं असं की शृंगाराचे दोन भेद, संभोग आणि विप्रलंभ. इथे संभोग म्हणजे मिलनाचा, विप्रलंभ म्हणजे विरहाचा. तुम्हाला मिलन आवडत नाही, पण तेवढ्यावरून शृंगार नको असं होत नाही. तुमची आवड विप्रलंभाकडे झुकते, इतकंच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कालिदासाने त्यावर अख्खं मेघदूत लिहिलं.

धागाकर्ती :
सर, फार आवडलं. फक्त माझ्यासमोर जे येतं ते विरह नाही हो. तिथे दोघं एकाच बाकावर, मध्ये पर्स ठेवून बसलेले असतात आणि पुढची तारीख दोघांनाही सोयीची पडावी म्हणून मोबाइलमधलं कॅलेंडर एकमेकांना दाखवतात. याला कोणता रस म्हणायचं?

खडूफळा :
याला भरतमुनींकडे नाव नाही. विचार करून सांगतो.

पेठकरीण :
पुण्यातून लिहितेय, चालेल ना? :) मुंबई-पुणे-मुंबई घ्या. पहिला भाग २०१० चा, त्यात एक दिवस नुसत्या गप्पा. २०१५ च्या दुसऱ्यात लग्न, २०१८ च्या तिसऱ्यात बाळाची चाहूल. म्हणजे मंगलाष्टकांच्या पुढे जातो. इंग्रजी चालत असेल तर 'बिफोर'चे तीन भाग ('सनराइज', 'सनसेट', 'मिडनाइट'), १९९५, २००४ आणि २०१३. तेच दोन कलाकार, दर नऊ वर्षांनी. तिसऱ्यात ग्रीसमधल्या हॉटेलच्या खोलीत जे भांडण आहे ते बघून माझा नवरा म्हणाला, "आपलं रेकॉर्डिंग यांना कोणी दिलं?"

धागाकर्ती :
त्या तिसऱ्या भागातलं भांडण बघताना मी मनातल्या मनात मुद्दे लिहून घेत होते. दोघांचीही केस मजबूत आहे. पण आईला पळणारी इंग्रजी झेपणार नाही. मुं-पु-मुं तिने बघितलेत, तिसऱ्या भागात तिला सासूबाईच जास्त आवडल्या.

दुसरी_तारीख :
आयडीवरून कळलं असेल. माझा संमतीने घटस्फोट झालाय, तुमच्याच कोर्टात. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबा म्हणाले. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत माफ करता येते असं वकील म्हणाले होते, पण आम्ही दोघांनीही अर्ज केला नाही. का, ते आम्हाला तेव्हाही सांगता आलं नसतं. शेवटच्या दिवशी बाहेर आलो तर दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकलेल्या. तिसऱ्याच कोणाची गाडी निघेपर्यंत टपरीवर समोसा खाल्ला. चटणी तिने माझ्याकडे सरकवली, नेहमीसारखी. एवढंच.

तुम्ही 'इजाजत' बघा. १९८७, गुलजार. घटस्फोट झालेली दोघं पावसाच्या रात्री रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये भेटतात. नसीरुद्दीन आणि रेखा. कोणी वाईट नाही आणि तरी संसार टिकला नाही, हे इतकं सरळ दाखवणारा दुसरा हिंदी सिनेमा मला माहीत नाही. माझ्या केसमध्ये कोणाला तरी वाईट ठरवायची नातेवाईकांना फार घाई होती.

धागाकर्ती :
समोशाचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. धन्यवाद.

तुम्ही सहा महिन्यांचं लिहिलंत म्हणून सांगते. कधी कधी दुसऱ्या तारखेला कोणीच येत नाही. एक आला नाही तर आम्ही फोन करतो, पण दोघंही येत नाहीत आणि दोघंही फोन उचलत नाहीत, असंही होतं. अठरा महिन्यांत पुढचं पाऊल उचललं नाही तर अर्ज निकालात निघतो. का आले नाहीत, हे फाइलीत कुठे नसतं. ऑफिसात सगळे म्हणतात, फी बुडाली. मीही म्हणते. पण त्या फाइली रद्दीत टाकायची वेळ आली की मी त्या जरा उशिरा टाकते. पोह्यांतल्या मिरचीचं जे होतं, ते बहुधा इथलंच आहे.

डबेवाली :
एवढी चर्चा झाली आणि लंचबॉक्सचं नाव कोणी घेतलं नाही? २०१३. इरफान आणि निमरत कौर. चुकीच्या माणसाकडे जाणारा डबा सगळ्यांना आठवतो. तुम्ही मात्र वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीसाठी बघा. बाई पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. नवरा वर्षानुवर्षं कोमात, त्याचं सगळं त्या करतात आणि खिडकीतून खाली मसाल्याचं काय ते ओरडून सांगतात. माझ्यासाठी त्या सिनेमातली प्रेमकथा ती आहे. खालच्या मजल्यावर काय चाललंय ते तुम्ही बघत बसा.

धागाकर्ती :
हे अगदी मला हवं होतं ते. लगेच आईला सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "गाणे आहेत का त्यात?" नाहीत म्हटल्यावर, "मग तू पाय एकटी."

'इजाजत'चं नाव काढलं तर एकदम उठून बसली. गाणी तोंडपाठ. 'मेरा कुछ सामान'साठी आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हेही तिनेच सांगितलं. वर म्हणते, "तुह्याच कामाचं गाणं हाय ते. आपलं सामान वापस मागून राहिली बिचारी." मी म्हटलं, आई, मागणारी बायको नाहीये, दुसरी आहे, तिला स्त्रीधनाचं कलम लागू होत नाही. त्यावर तिने रिमोट काढून घेतला.

तर या शनिवारी 'इजाजत'. चांगल्या प्रिंटचा कुठे बघायला मिळतो ते कोणी सांगेल का? आमच्याकडे साधा स्मार्ट टीव्ही आहे आणि दुपारी लोडशेडिंग नसलं तर नेट बरं चालतं. लंचबॉक्स मी एकटी बघेन, आई मावशीकडे सदरला गेली की.

आणि खडूफळा सर, त्या बाकावरच्या रसाचं उत्तर अजून बाकी आहे.