लग्नाच्या मेकअपमध्ये मला माझाच रंग हवा आहे. घरच्यांना कसं पटवू?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. माझं लग्न फेब्रुवारीत कुर्डुवाडीला आहे. मी सावळी नाही, चांगली काळी आहे. आजीचा रंग असाच होता. तिचं नाक, तिचे डोळे, तिचा रंग सगळं हिच्यात उतरलंय असं गावातली म्हातारी माणसं म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं. मी जलसंधारणाच्या कामांवर इंजिनिअर आहे, निम्मा दिवस बंधाऱ्यावर उन्हात जातो. ज्याच्याशी लग्न ठरलंय, त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच एका कामावर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली असताना.

परवा मेकअपची ट्रायल झाली. त्या ताईंनी न विचारता बेस लावायला घेतला, माझ्यापेक्षा तीन शेड तरी उजळ. म्हणाल्या, "नवरीला वर न्यावंच लागतं, नाहीतर फोटोत उठून दिसत नाही." आरशात पाहिलं तर चेहरा करडा, पिठूळ, कान आणि हात तेवढे माझे. मी पुसा म्हणणार तेवढ्यात आई आणि मावशी एकदमच म्हणाल्या, "राहू दे, किती उजळलीस!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आईला मी दोष देत नाही. मी झाले तेव्हा "पोरगी, आणि वर काळी" हे तिने बाळंतिणीच्या खाटेवर ऐकलंय. त्यानंतर आयुष्यभर तिला टीव्हीवर नवरी म्हणून एकाच रंगाचा चेहरा दिसला. दागिन्यांची जाहिरात असो, मालिकेतलं लग्न असो, आता रील्स असोत. 'रंग माझा वेगळा' ही काळ्या मुलीची मालिका 2019 साली सुरू झाली तेव्हा आई रोज बघायची, दीपाची बाजू घेऊन बोलायची. पण दीपाचं काम करणाऱ्या रेश्मा शिंदे मुळात उजळ, त्यांना मेकअपने सावळं केलेलं. काळ्या मुलीच्या गोष्टीतही काळी मुलगी नव्हती. मला ते फार लागलं होतं.

मला उजळ दिसायचं नाही. पुढे माझी मुलगी अल्बम उघडून "आई, ही कोण?" असं विचारेल, ते मला नको आहे. मेकअपवाल्या ताईंना नेमकं काय सांगायचं? फोटोग्राफरला काय सांगायचं? मावशीने "महिनाभर लाव, फरक पडतो" म्हणून एक ट्यूब आणून दिलीय, तिचं काय करू? आणि आईचं काय?

स्नेहल_वाई

ताई, राग मानू नका. माझ्या लग्नात मीही हट्ट करू शकले असते, नाही केला. एका दिवसाचा प्रश्न असतो. आईने इतकी वर्षं बोलणी खाल्ली, तिला एक दिवस मिरवू द्या. दुसऱ्या दिवशी तोंड धुतलं की तुम्ही तुमच्याच.

रूपरंग_नाशिक

स्नेहलताई, दिवस एकच असतो, पण फोटो भिंतीवर कायम राहतो. म्हणून मी हिच्या बाजूने आहे.

मी नाशिकमध्ये ब्रायडल मेकअप करते. आधी आमच्या धंद्यातली खरी गोष्ट सांगते. बऱ्याच पार्लरच्या किटमध्ये गडद शेड नसतातच. मधल्या तीन-चार शेडमध्ये बहुतेक गिऱ्हाईक भागतं, म्हणून तेवढ्याच घेतल्या जातात. मग काळ्या मुलीला आहे त्यातलंच लावायचं आणि नाव द्यायचं "वर नेलं". तुझ्या ताईंकडे बहुधा तुझी शेड नसेल. तेव्हा भांडू नकोस. स्वतःचं फाउंडेशन विकत घे आणि ट्रायलला घेऊन जा.

शेड मनगटावर बघू नकोस. जबड्याच्या कडेला तीन पट्ट्या ओढ, अर्धा तास थांब, मग दारात उजेडाला उभी राहून बघ. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली अजिबात ठरवू नकोस. थांबायचं एवढ्यासाठी की काही फाउंडेशन हवेने थोडं गडद होतं. मानेत आणि चेहऱ्यात जी पट्टी दिसेनाशी होते ती तुझी शेड. गडद त्वचेवर उजळ बेस टाकला की खालचा रंग वर येतो आणि चेहरा राखाडी पडतो. तू जे करडं पाहिलंस ते हेच.

डोळ्यांखाली आधी केशरी करेक्टर लावायला सांग, नुसतं उजळ कन्सीलर नको. गालांवर फिका गुलाबी दिसणार नाही, विटकरी किंवा वाइन रंग घ्या. हायलायटर चंदेरी नको, सोनेरी. आणि पांढरी सेटिंग पावडर टाळा. फ्लॅश पडला की कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग पांढरा चमकतो, साध्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा चुडा तुझ्या रंगावर जसा उठेल तसा गोऱ्या मुलीवर उठत नाही, हे मी इतक्या नवऱ्या सजवल्यावर सांगतेय.

औषधवाला

माझं मेडिकल स्टोअर आहे. ताई, आधी त्या ट्यूबवरची घटकद्रव्यं वाचा. मोमेटासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन यातलं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगासाठीचं औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञ ते थोड्या काळापुरतं, लक्ष ठेवून देतात. गोरं होण्यासाठी महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुरळ आणि लव येते, आणि बंद केलं की चेहरा लालभडक होऊन आग होते. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी लोक वेष्टन दाखवून मागतात.

आणि ट्यूबवर काहीच लिहिलेलं नसेल तर हातही लावू नका. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. अकोल्यात एकाच घरातल्या बायकांची मूत्रपिंडं त्यामुळे बिघडल्याच्या बातम्या 2023 च्या सुरुवातीला आल्या होत्या. मावशीने स्वतः ते बरेच दिवस लावलं असेल तर त्यांनाही अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवायला सांगा.

तिसरा_डोळा_सातारा

लग्नाचे फोटो काढतो. मेकअप बरोबर झाला तरी तुमचा रंग आमच्याकडे जाऊ शकतो, तेव्हा ऐका.

फोटोग्राफीत हे फार जुनं आहे. कोडॅकच्या फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरायचे, 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. तिची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर. त्या फिल्मवर गडद रंगांचे बारकावे येत नाहीत ही ओरड लाकडी फर्निचर आणि चॉकलेटवाल्या कंपन्यांनी केली, तेव्हा कुठे कंपनीने त्यात लक्ष घातलं. काळ्या माणसांचे चेहरे त्याआधीही तसेच येत होते.

आज कॅमेरे उत्तम आहेत. बिघडतं ते एडिटिंगमध्ये. शेकडो फोटोंवर एकच प्रीसेट, म्हणजे रंग बदलण्याचा तयार साचा, टाकला जातो, त्यात त्वचा उजळ आणि गुळगुळीत करणं आधीच बसवलेलं असतं. बऱ्याचदा अल्बम करणारा दुसऱ्याच गावचा असतो, त्याने तुम्हाला पाहिलेलंही नसतं. म्हणून साखरपुड्याचे चार-पाच फोटो आधी एडिट करून मागवा आणि फोन हातात धरून आरशाशेजारी उभ्या राहून बघा. शिवाय घरातल्यांच्या मोबाइलचा ब्यूटी मोड बघून घ्या. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांत आधी तेच फोटो फिरतात.

मीनाकाकू

पोरी, आईचं मी सांगते. मी कोल्हापूरची, माझं लग्न 1983 चं. मला बघायला आले की आमच्या घरात ट्यूबलाइट लावत नसत, पिवळा बल्ब लावत. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली आली, 2020 साली तिचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. मधली पंचेचाळीस वर्षं तुझ्या आईचं आणि माझं अख्खं तरुणपण आहे. गोरी झाली की नोकरी मिळते, गोरी झाली की स्थळ येतं, हे आम्ही जेवताना बघितलंय. तुझ्या आईच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते तू गोरी झालीस म्हणून नव्हतं. आता हिला कोणी बोलणार नाही, एवढंच तिला वाटलं.

मावशीसमोर हा विषय काढू नकोस, चारचौघांत तर नाहीच. दोघीच असताना तिला सांग की तुझ्या रंगात तिची काही चूक नाही. हे तिला आजवर कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आणि सासरच्यांनी तुला याच रंगात पाहून होकार दिलाय, हेही सांग. जावयाच्या तोंडून ऐकलं तर जास्त पटेल. त्याला बोलायला लाव.

स्नेहल, तू म्हणतेस तो आईचा मान मलाही कळतो. पण मिरवायचं ते लेकीला मिरवावं, दुसऱ्या कोणाला नाही.

सीनाकाठ

काकू, तुमचं वाचून रडले. रविवारी बाबा आणि मावशी पंढरपूरला जाणार आहेत, तेव्हा आईशी बोलते. ह्यांनाही आजच फोन केला, ते म्हणाले "मी येऊन आईंशी बोलतो."

दादा, ट्यूबवर मोमेटासोन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही लिहिलंय. मावशीला सोलापूरला डॉक्टरांकडे घेऊन जाते. रूपरंग ताई, शेड बघायला तुमच्या सांगण्याप्रमाणेच जाईन.

साताऱ्याचे दादा, फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये हे लिहून घ्यायचं म्हटलं तर वाक्य कसं घालू?

तिसरा_डोळा_सातारा

असं लिहा: "वधू-वरांच्या व नातेवाइकांच्या त्वचेचा रंग एडिटिंगमध्ये उजळ करू नये. स्किन स्मूदनिंग वापरू नये. अल्बम छपाईला देण्यापूर्वी सर्व पानं वधूकडून तपासून घ्यावीत, त्यानंतरच शेवटचा हप्ता देय राहील." शेवटचं वाक्य काढू देऊ नका.