जहाल गट हिंसेकडे वळेल का, हे गुण देऊन ठरवता येतं का?

कलिना_अभ्यासगट: मुंबईतल्या काही जहाल गटांची पत्रकं, भाषणं, टेलिग्रामवरचे संदेश जमवलेत. भडक भाषेला २ गुण, पैशाच्या संशयास्पद स्रोताला ३, अशी बेरीज करून धोक्याचा क्रम लावायचा विचार आहे. दहशतवादी हिंसेचा धोका जोखायच्या ट्रॅप-१८ या पद्धतीचे निकष घ्यावेत का?

शिवडीकर: बेरीज करू नका. ट्रॅप-१८ मध्येही बेरीज नसते. त्यातले ८ निकष तातडीच्या लक्षणांचे, १० पार्श्वभूमीचे. आणि ते एकेका व्यक्तीसाठी आहेत, संघटनेसाठी नाहीत. भडक भाषा तर निवडणुकीच्या सभेतही ऐकू येते. बदल टिपा. शत्रू 'व्यवस्था' होता, तो आता नाव-पत्त्यासह एक माणूस झालाय का? 'दुसरा मार्गच उरला नाही' असं बोललं जातंय का? उघड सभा बंद पडून, मोबाइल बाहेर ठेवून मोजक्यांच्या बैठका होतायत का? मात्र पोलिसांच्या धाकानेही लोक असे गप्प होतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. रेकी, शस्त्रं, सराव यांची जोड दिसली तर गोष्ट वेगळी.

आकडेमोड: आधी हे गणित करा. १०,००० जहाल लोकांपैकी १० जण खरोखर हिंसा करणार, असं समजा. तुमची चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक असली, तरी ती ९ जणांना बरोबर पकडेल आणि ९९९ निरुपद्रवी माणसांवर शिक्का मारेल. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात असा शिक्का बसला की माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. नावांची यादी कुणालाही देऊ नका.

कलिना_अभ्यासगट: मग संपूर्ण संघटना हे एकक धरायचं की नाही?

शिवडीकर: नाही, आतली टोळकी आणि फुटून निघालेले गट वेगळे धरा. दाभोलकर खून खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. कृत्य मूठभरांचं असतं. त्यामागे संघटना किती, हे न्यायालयातही सहजी सिद्ध होत नाही. चळवळ ओसरताना उरलेल्या कडव्यांवर विशेष लक्ष ठेवा.

माहीम_कॉजवे: आणि समोरच्या बाजूचीही नोंद ठेवा. २ जून १९६७ ला पश्चिम बर्लिनमध्ये पोलिसाच्या गोळीने बेन्नो ओनेसोर्ग हा विद्यार्थी मेला. पुढे एका सशस्त्र गटाने '२ जून चळवळ' असं नावच घेतलं. फक्त गटाचीच पत्रकं वाचली तर लाठीमार, धरपकड, प्रतिस्पर्धी गटाचे हल्ले तुमच्या तक्त्यात येणारच नाहीत. रोखून धरणाऱ्या गोष्टींसाठीही स्वतंत्र रकाना हवा: मवाळ नेते, निवडणूक लढवायची इच्छा, हिंसा झाली तर पाठ फिरवतील असे वस्तीतले पाठीराखे. यातलं काही गळून पडलं की त्याच आठवड्यात नोंद पुन्हा तपासा, एरवी तीन महिन्यांनी.