मदत हवी आहे : भाचा 17 वर्षांचा, 'हाफ मर्डर'ची केस, बाल न्याय मंडळात नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. गावात हळदीला डीजेवरून राडा झाला, एका पोराच्या डोक्यात रॉड बसला, पोरगा आता बरा आहे पण टाके पडलेत आणि न्याय संहितेचं कलम 109 लागलंय, खुनाचा प्रयत्न, म्हणजे जुनं 307. नावं दोघांची आहेत, माझा भाचा (बारावीला आहे) आणि त्याचा चुलतभाऊ, वय 19. चुलतभावाला कोर्टाने पोलीस कोठडी दिली, भाच्याला मात्र जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात नेलंय, रिमांड होम म्हणतात तेच. ताई नुसती रडतेय, तिला वाटतंय पोराला जेलात टाकलं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळंच, कोण म्हणतं पुण्यात पोर्शे गाडीने दोघांना उडवणाऱ्या अल्पवयीन पोरासारखा निबंध लिहून सुटेल, कोण म्हणतं 16 च्या वरच्यांना आता मोठ्यांसारखंच धरतात. दोघांची केस एकत्र चालणार का? जामिनाचं काय? आणि याला पोलीस भरतीला जायचंय, तिथे हे आडवं येणार का? अजून एक घोळ, आधारवर नुसतं साल दिल्यामुळे 1 जानेवारी पडलीय, त्या हिशोबाने तो 18 पूर्ण दिसतो. खरी तारीख ऑगस्टची, शाळेच्या दाखल्यावर आहे. समोरची पार्टी आधारच धरून बसलीय.

काळाकोट :
मामा, बाकी सगळं सोडा, आधी शाळेचा दाखला हातात घ्या. वय ठरवायला 2015 च्या बाल न्याय कायद्यात क्रम दिलाय: शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. त्यात आधार कुठेच नाही. आणि वय बघायचं ते भांडणाच्या दिवशीचं, उद्या केस चालू असताना तो 18 चा झाला तरी फरक पडत नाही.

केस एकत्र चालत नाही, कायद्यातच मनाई आहे. चुलतभावाचं पुढे सेशन कोर्टात, भाच्याचं मंडळात.

109 ची भीती काढून टाका. मोठ्यांसारखी केस चालवायचा विषय 'निर्घृण' गुन्ह्यात येतो, म्हणजे ज्याला कमीत कमी 7 वर्षं शिक्षा लिहिलीय. 109 ला जन्मठेपेपर्यंत जाता येतं, पण खालची मर्यादाच नाही. हाच मुद्दा सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सोडवला आणि 2021 च्या दुरुस्तीत तो कायद्यात आला. त्यामुळे संस्थेत ठेवलंच तरी जास्तीत जास्त 3 वर्षं, तेही जेलात नाही.

जामीन: मोठ्यांना 109 अजामीनपात्र, घाम फुटतो. मुलांच्या बाबतीत जामीन द्यायचा हाच नियम, जामीनदार नसला तरी. नाकारायचा तर कारण लिहावं लागतं, की सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या जिवाला धोका आहे किंवा न्यायाला बाधा येईल. गावात वातावरण तापलं असेल तर हे धोक्याचं कारण पुढे येणार, म्हणून दुसऱ्या गावी मामाकडे राहील असं लेखी द्या.

आणि तो निबंध शिक्षा नव्हती हो, जामिनाची अट होती. काही दिवसांत त्या पोर्शेवाल्या पोरालाही निरीक्षणगृहात धाडलं, मग जून 2024 मध्ये हायकोर्टाने सोडायला लावलं. अर्धी गोष्ट फिरतेय.

सुमनताई :
मी या क्षेत्रात काम केलंय. मंडळात तीन जण असतात, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यात एक तरी बाई. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही, साध्या टेबलासमोर बसवून बोलतात. बाहेरच्या माणसांना आत घेत नाहीत, नाव-फोटो छापायला बंदी, ते गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवाल्यांनाही सांगून ठेवा. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतील, शाळेत चौकशी करतील, शेजाऱ्यांना विचारतील. त्यांच्या रिपोर्टला फार वजन असतं, ताईंना म्हणावं खरं तेच सांगा, पोरगा देवमाणूस आहे वगैरे नको. चौकशी 4 महिन्यांत संपवायची असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात.

धागाकर्ता :
खूप आभार दोघांचे. दाखला काढायला उद्याच जातो. भरतीचं राहिलं तेवढं सांगा. आणि ते अधिकारी घरी आले की त्यांना काही द्यावं लागतं का, एकजण तसं म्हणत होता.

काळाकोट :
चहा द्या, दुसरं काही नको, उलट अंगाशी येईल. भरतीचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याखाली निकाल लागला की तो मुलाला अपात्र ठरवत नाही, आणि केस निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ते रेकॉर्ड उघड करायचं नाही असंही लिहिलंय. तरी फॉर्म भरायच्या आधी तो वकिलाला दाखवा, तिथे प्रश्न कसा विचारलाय त्यावर बरंच असतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज टाका, फुकट मिळतो, फोन 15100.