अनुभव धागा : घरची चिकटवही आणि मुलांचं लिहिणं-वाचणं

चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर फोटो, तिकिटं, पत्रिका, वेष्टणं चिकटवून वही करणाऱ्यांनी इथे लिहा. सजावटीच्या कल्पना नकोत, त्या ढिगाने मिळतात. मूल त्या वहीतून वाचायला कसं लागतं आणि कुठे अडतं, तेवढंच.

पाटीपेन्सिल
फोटोखालचं वाक्य मुलाच्या तोंडचं हवं. 'हे काय आहे?' विचारलं तर 'हत्ती' एवढंच येतं. 'इथे काय चाललंय?' विचारा. मूल म्हणालं 'आजीनं मला गूळ दिलन्', तर 'दिलन्'च लिहा. आपण ते शुद्ध करून लिहिलं की मूल स्वतःचं पाठ वाक्य म्हणत राहतं आणि बोट भलत्याच शब्दावर असतं. पानाला एक फोटो, चार-पाच शब्द, दोन शब्दांत बोटभर जागा. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पट्टीवर लिहून शब्द कापायचे आणि मुलाला जुळवायला द्यायचे. कापलेले शब्द त्याच पानामागे जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात.

कागदकाम
शाळेची वही वापरू नका, पातळ कागद ओला झाला की सुरकुततो. १८० ते २०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. दर दोन पानांमध्ये शिवणीपाशी दोन सेंमी रुंदीची पट्टी घाला, नाहीतर चिकटवलेल्या पानांनी वही फुगून उघडी राहते.
खळ : दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, पाऊण वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळा. पांढरेपणा जाऊन जरा पारदर्शक झाली की उतरवा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बुरशी धरू नये म्हणून जुने लोक खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी, मुलांच्या कामात अजिबात नको. म्हणूनच पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नका, बुरशी धरते. फोटोंना खळ नको, ग्लू स्टिक.
गुळगुळीत थर्मल कागदाची (शाईऐवजी उष्णतेने छापलेली) तिकिटं उन्हाने फिकी होतात आणि लॅमिनेट केली तर उष्णतेने काळी पडतात. आधी झेरॉक्स काढा, तीच चिकटवा.

बालवाडीताई
वेष्टणांबद्दल एक. दुधाच्या पिशवीवरचं 'गोकुळ' मूल बहुतेक वेळा रंगावरून ओळखतं. तेच नाव शेजारी साध्या पेनाने लिहा. अडखळलं, तर अजून ते चित्रच आहे. मग 'ग' धरून गाजर, गवार, गच्ची अशी कात्रणं शोधायची. बाराखडीच्या क्रमाची वाट बघू नका.
नात्यांच्या पानावर आधी मामा, काका, बाबा, दादा. मग काकू, मावशी. 'आत्या' शेवटी, अर्ध्या त साठी.

पाटीपेन्सिल
ताई, पहिल्या वेलांटीचंही सांगायला हवं. 'किती' लिहिताना मूल आधी क काढतं आणि वेलांटीला जागाच उरत नाही. ऐकू येते क नंतर, काढायची त्याच्या आधी. खोडरबर नको. मुलाचं राहू द्या, खाली बारीक पेन्सिलीने आपलं लिहा. पुढच्या पानावर तो शब्द पुन्हा येईल असं बघा.

सातासमुद्रापार
परदेशात मराठी बोलणारी पण इंग्रजीच वाचणारी मुलं असतील, तर आजी-आजोबांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप कामी येतात. निरोपातलं एकच वाक्य मुलासमोर देवनागरीत उतरवा, आवाज पुन्हा लावा, बोट फिरवा. रोमन लिपीत 'आजी' आणि 'अजी' सारखेच दिसतात, त्यामुळे तो शॉर्टकट पहिल्या पानापासूनच टाळा.

कागदकाम
मोठ्यांनी कातरलेले नीटनेटके चौकोन नकोत. बोथट टोकाची कात्री मुलाच्याच हाती द्या, कडा वाकड्या आल्या तरी चालतील.