रंकाळा की कृष्णाकाठ? कोल्हापूर-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

जयसिंगपूरच्या माणसाची गोची अशी, की जिल्हा कोल्हापूर आणि खरेदी, दवाखाना, नाटक सगळं सांगलीला. घरच्या लग्नात दोन्हीकडचे पाहुणे जमले की वाद ठरलेलाच. मिसळ कुणाची, पैलवान कुणाचे, हे झालं की गाडी पाण्यावर येते. कोल्हापूरचा रंकाळा तलाव भारी की सांगलीचा कृष्णेचा घाट? मटणाचा निकाल कोल्हापूरच्या बाजूने कधीच लागलाय, त्यात वेळ घालवू नका. इथे फक्त पाणी, काठ आणि देखावा. स्वतः पाहिलेलं लिहा, ड्रोनचे फोटो चिकटवू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बसायला कोल्हापूर, बघायला सांगली. कोल्हापूरनं आपल्या नदीकडे पाठ केली आणि तळ्याकडे तोंड केलं. सांगलीला असं तळंच नाही, त्यामुळे तिथं नदी अजून गावात आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

शिवाजी पेठ, कोल्हापूर

पाठ केली म्हणे! भावा, त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर येऊन बघ एकदा. अंधारात हजारो पणत्या, दीपमाळा पेटलेल्या, पाण्यातल्या देवळांवर दिवे आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. आमची अख्खी गल्ली तेलाचे डबे घेऊन आदल्या रात्रीपासून तिथं असते. आणि ह्या नदीला पाणी कुणाचं? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम होऊन ती आमच्याकडे येते. तुमची कृष्णा एकटी.

आता रंकाळ्याचं. संध्याकाळी चौपाटीच्या कट्ट्यावर बसायचं, भेळ घ्यायची, समोर पाण्यापलीकडं सूर्य बुडतोय, कडेला शालिनी पॅलेसचा मनोरा. १९३० च्या दशकात बांधलेला राजवाडा, काळ्या दगडातला. सांगलीत असं काय हाय? उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ उघडा पडतो, पावसाळ्यात परत बुडतो. लहानपणी आज्जी सांगायची, रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो पाण्यात पोचला की प्रलय. आम्ही खडूनं खूण करून ठेवायचो. नंदी जाग्यावरच असायचा, खूणच पुसलेली असायची.

माहेर सांगली गावभाग, सध्या पुणे

वरच्या दादांनी पणत्यांचं लिहिलं ते खरंच सुंदर असतं, मी पाहिलंय. पण तो वर्षातला एक दिवस झाला. बाकीचे दिवस घाटावर कोण असतं? जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत मिसळतं हे कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांतच वर्षानुवर्षं छापून येतंय.

आमच्या घरी नदीला जायचं म्हणून कुणी ठरवत नसे. गणपतीच्या देवळात गेलं की पुढची पावलं आपोआप घाटाकडे वळायची. आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ आणि त्याच्या मागे कृष्णा, ह्यातलं कुठलंही एक मला दुसऱ्याशिवाय आठवत नाही. बाबा माईघाटावर पोहायला जायचे. मुलांना डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून पाण्यात सोडायची ती पद्धत. आता पोहणारे आधी मगरीची चौकशी करतात! हे हसण्यावारी नेऊ नका, कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि कधीकधी शहराच्या जवळ दिसतात. रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्यांना ही चैन नाही.

गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती सरकारी घाटावर येतो, तेव्हा आयर्विन पुलावर माणसांची दाटी असते. १९२९ सालचा कमानींचा पूल. त्यावरून सांगलवाडीकडे चालत जाताना खाली पाणी आणि उजव्या-डाव्या हाताला मळई, म्हणजे काठची गाळाची जमीन. पावसाळा ओसरता होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा दोन्ही काठ ओरडून ओरडून घसा बसवतात. तळ्यात कुणी अशी शर्यत लावून दाखवावी.

आणि हरिपूरचा रस्ता. दोन्ही बाजूंना चिंचा, सायकलवर सावलीसावलीनं संगमेश्वरापर्यंत. तिथं वारणा कृष्णेला मिळते. नाटककार देवल ह्याच हरिपूरचे, ‘शारदा’ लिहिणारे. वाटेत शेतांत हळदीची पेवं असत, जमिनीखालची कोठारं, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच गेली. काठाचा देखावा म्हणजे फक्त पाणी नव्हे, काठावर माणसं काय करतात तेही. हळदीचा वास येणारा नदीकाठ कोल्हापूरकडे नाही.

सांगलीची लेक, कोल्हापूरची सून

दोघेही खणीबद्दल गप्प का? सांगलीत काळी खण, रंकाळ्याशेजारी इराणी खण. दोन्हीकडे दगड काढून उरलेले खड्डे, पाण्यानं भरलेले. रंकाळासुद्धा मूळचा दगडाची खाणच असं सांगतात. म्हणजे कोल्हापूरकरांचा अभिमान आणि सांगलीकरांची काळी खण एकाच जातीचे. फरक इतकाच की एकीभोवती राजवाडा उभा राहिला आणि दुसरीभोवती वाहतूक. सासरी हे बोलत नाही.

मिरज, निवृत्त

देखावे सगळे मार्च महिन्याचे चाललेत. जुलै-ऑगस्टबद्दल कुणी लिहीना म्हणून लिहितो.

आमच्या पट्ट्यात पाण्याची खरी तुलना फुटांत होते. सांगलीला आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोका, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३. पाऊस लागला की नातेवाइकांचे फोन ‘कसे आहात’नं सुरू होत नाहीत, ‘किती झालं’नं होतात. पंचगंगेचं पाणलोट जवळच सह्याद्रीत, त्यामुळे तिकडे गगनबावडा-राधानगरीला धो धो झालं की पाणी लगेच अंगावर येतं. राधानगरीचे दरवाजे तर स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात. सांगलीचं दुखणं वेगळं. इथं आकाश कोरडं असतानाही पाणी चढतं, कारण वरून कोयनेचा विसर्ग येत असतो आणि वारणाही येऊन मिळते. ऊन पडलंय आणि गल्लीत पाणी शिरतंय, हे कोल्हापूरच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं.

२०१९ ला दोन्हीकडे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला आणि दोन्ही शहरं एकाच वेळी अडकली. माझा भाऊ कोल्हापुरात, मी इकडे. एरवी तासा-दीड तासाचा रस्ता. त्या आठवड्यात कुणाची नदी मोठी हा वाद कुणी काढला नाही. पाणी उतरल्यावर पहिल्याच जेवणाला काढला.

एक मात्र खटकतं. पूर आला की दोन्ही शहरांत पुलांवर बघ्यांची गर्दी होते, कणसं भाजणारे येतात, पोरं पुलावरून उड्या टाकतात. तोच देखावा, ज्याचं घर खाली आहे त्याला कसा दिसत असेल?

इचलकरंजी, फोटोग्राफीचा नाद

मी तटस्थ. आमच्याकडे पंचगंगा येते तेव्हा तिची जी अवस्था असते, त्यावर न बोललेलं बरं.

फोटोच्या दृष्टीनं: दोन्ही शहरं आपल्या पाण्याच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्यास्त दोघांनाही पाण्यावर मिळतो. रंकाळ्याला वारा असतो, प्रतिबिंब हवं तर पहाटेच जा. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाढलेलं असलं तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या. सांगलीला पावसाळ्यानंतरचे दिवस गाठा, पाणी निवळलेलं असतं आणि आयर्विनच्या कमानींची वर्तुळं प्रतिबिंबात पूर्ण होतात. दिवे लागल्यावर मात्र रंकाळा. त्यात सांगली मागं आहे, घाटावर उजेडच धड नाही.

शिरोळ तालुका

एवढं भांडताय आणि नृसिंहवाडीचं नाव नाही? कृष्णा आणि पंचगंगा शेवटी आमच्याच दारात भेटतात. तुमचे दोन्ही घाट एका बाजूला ठेवा आणि वाडीचा घाट बघा. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं, दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वाराला लोक अंघोळीला रात्रीअपरात्री येतात. सांगलीहून वीसेक किलोमीटर, कोल्हापूरहून त्याच्या दुप्पट. सांगलीकर ‘आमची वाडी’ म्हणतात आणि सातबारा कोल्हापूर जिल्ह्याचा. बासुंदी आणि कवठाची बर्फी दोघंही नेतात.

धागा काढणारा

वाडी बाद. तिला घेतलं तर स्पर्धाच उरत नाही, आणि मी स्वतः शिरोळ तालुक्यातला, पक्षपात केला म्हणाल. फक्त शहरांचे काठ धरा. इराणी खणीवाल्या वहिनींचा मुद्दा मान्य. घाटावर उजेड नाही हेही मान्य, सांगलीकरांनी उत्तर द्यावं.

शिवाजी पेठ, कोल्हापूर

वाडी बाद तर हरिपूरही बाद. संगमावर उभं राहून समोर बघा. पलीकडचा काठ कोथळी, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. आता तर पूलही झालाय. म्हणजे ताईंच्या त्या चिंचेच्या रस्त्यावरनं सायकल मारत गेलं की शेवटी दिसतं ते आमचंच.

माहेर सांगली गावभाग, सध्या पुणे

दिसतं तुमचं, पण बघायला उभं राहावं लागतं आमच्या काठावर.