खाऱ्या हवेतल्या बीमचे तडे: इपॉक्सी भरून भागेल का?

प्रश्न:
समुद्राच्या तुषारात असलेल्या आरसीसी बीमला तळाशी आडवे तडे आहेत. रुंदी ०.२ ते ०.३ मिमी, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ५० मिमी, सळया १६ मिमीच्या. सोडून द्यावेत की इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरावं?

प्रतिसाद १:
नुसत्या रुंदीवरून ठरवू नका. तडा सळईला आडवा (काटकोनात) असेल तर क्लोराइड (मिठातला गंज धरवणारा घटक) तिथून लवकर आत शिरतं आणि गंज लवकर धरतो. गंजाचा पुढचा वेग मात्र शेजारच्या अखंड काँक्रीटवर ठरतो. बॅटरीसारखं होतं: तड्यातली सळई अ‍ॅनोड (झिजणारं टोक) होते आणि दोन्ही बाजूंची झाकलेली सळई कॅथोड (न झिजणारं टोक). मधला करंट काँक्रीटच्या ओलाव्यातून जातो. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०, क्युअरिंग नीट, कव्हर पूर्ण, तर त्या करंटला वाटच अवघड होते. ०.६०च्या सच्छिद्र काँक्रीटमध्ये अरुंद तडाही नडतो.
सळईच्या लांबीने धावणारा तडा जास्त वाईट. जुन्या बीमला तो नव्याने पडला असेल तर आत गंज फुगलाय असंच समजा.

प्रतिसाद २:
वेग कमी म्हणून निर्धास्त राहू नका. इथे अ‍ॅनोड छोटा, कॅथोड मोठा, त्यामुळे सळई सगळीकडून न झिजता एकाच जागी खड्डा पडतो. कव्हर फुगत नाही, हातोडीने ठोकलं तरी पोकळ आवाज येत नाही, आणि आत सळईचा छेद (जाडी) घटलेला असतो.
भरण्याआधी तपासा. एक जागा तड्यावर, एक अखंड भागात. ड्रिलने दर १० मिमी खोलीची पावडर वेगळी काढा. सळईच्या खोलीवर क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांपुढे असेल तर धोका धरा. हाफ-सेलचं (सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या चाचणीचं) रीडिंग कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने -३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी. सतत भिजलेल्या भागात ऑक्सिजनअभावीही रीडिंग खाली जातं. तिथे एका आकड्यावर न जाता शेजारच्या बिंदूंमधला फरक बघा.

प्रश्नकर्ता:
क्लोराइड जास्त निघालं तर?

प्रतिसाद १:
मग इपॉक्सीचा उपयोग नाही, मीठ आतच राहतं. सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळं होईपर्यंत काँक्रीट फोडा, सळईवरच्या खड्ड्यांतला गंज ब्लास्टिंगने (दाबाने कणांचा मारा करून) काढा, उरलेला व्यास मोजा. नव्याने भरलेल्या पॅचच्या कडेला जुनं खारट काँक्रीट राहिलं तर तिथली सळई नव्याने गंजू लागते, म्हणून कडेला सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड बांधा.
क्लोराइड कमी निघालं तर सकाळी आणि दुपारी तड्याची रुंदी मोजा. हलत असेल तर लवचिक सीलंट. कडक इपॉक्सी भरलं तर बाजूला नवा तडा पडतो.